कोळशाचे उलटे बाण

माझा शहाणपणा कुठून सांगायला घेऊ? त्या मंगळवारापासूनच घेतो. सकाळी पाचूबंदरला मासळी आणायला गेलो होतो, काखेत नकाशा घेऊन. मासळीला जाताना नकाशा कोण नेतो? मी नेतो!

माझे वडील कोलकात्याच्या कोळसा गोदीत, रेल्वे यार्डात जन्मभर डबे लावत होते. निवृत्तीनंतर ते नंदाखालला माझ्या धाकट्या भावाकडे, केळीच्या वाडीत. मी आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये बसून त्याच गोदीचा इतिहास लिहीत होतो. चाळीस पानं आणि नकाशाची प्रत त्यांना वाचायला पाठवली. चार दिवसांत फोन.

"अरे, नकाशात कोळशाचे बाण उलटे काढलेस."

"उलटे कसे? बोट लागली की माल उतरणारच ना, बाबा!"

"उतरते ती मासळी रे! आमच्याकडे अख्खा डबा उचलून तिरपा करायचे. कोळसा थेट बोटीच्या पोटात, बोट परदेशी. तू ये, समोर बसून दाखवतो."

"बाबा, वय झालं की आठवणी उलटसुलट होतात."

हे मी म्हणालो. जन्मभर तिथे उभ्या राहिलेल्या माणसाला!

ते एवढंच म्हणाले, "बरं. पण ये."

रविवारी येतो म्हणालो. अर्ध्या तासाची वाट. तीन रविवार गेले.

तर त्या मंगळवारी होड्यांतून पाट्या उतरत होत्या. मी नकाशा उघडून मान डोलावतोय, बघा, माल उतरतोच! आमची नेहमीची मासळीवाली फिलूमावशी मासळी कापता कापता डोकावली.

"ह्यो कसला नकाशा, भाऊ?"

"कोळशाच्या गोदीचा. बोटीतून कोळसा उतरतो, डब्यांत भरतो, गाडी निघते खाणीकडे."

तिचा सुरा थांबला. "खानीकडं? खानीत कोलसा कमी पडला काय वो?"

शेजारच्या दोघी पोट धरून हसल्या. मीही हसलो. दुसरं काय करणार? 'बाबा, तुमचंच खरं' म्हणायला खिशातून फोन काढला, तर तो हातातच वाजला. धाकटा.

"दादा, नंदाखालला ये. बाबा गेले. चहा घेतला आणि..."

"राहू दे मासळी," मावशी म्हणाली. "जा तू."

दहाव्यानंतर त्यांच्या उशाखाली माझी पानं सापडली. नकाशावरचा एकच बाण पेन्सिलीने खोडून बोटीकडे वळवलेला. शेजारी त्यांचं अक्षर : 'बाकीचे तू आल्यावर.'

नकाशा टेबलावर आहे, पेन्सिलही आहे. बाकीचे सतरा बाण अजून खाणीकडेच जातात.