तिला हट्टाने टपरीवर नेलं

परवा दुपारी वसईत, माणिकपूरच्या एका कॅफेत एकटाच जाऊन बसलो. मी आणि कॅफे... मित्रांना हसू येईल. मी पक्का चहावाला. कॉफीचा नुसता वास आला तरी मला खोकल्याचं औषध आठवतं.

पण आमच्या वयाच्या लोकांचं सगळं कॉफीवरच चालतं. बर्थडे असो, ब्रेकअप असो, नोकरी लागो नाहीतर जावो... कॉफी. 'चहाला भेटू' म्हटलं की समोरच्याला वाटतं, हा पाच मिनिटांत कटवणार.

तीसुद्धा कॉफीवाली. भुईगावची, माझ्याच वर्गातली. सेकंड इयरला माझं एका सरांशी वाजलं, मी रागात कॉलेज सोडलं आणि नालासोपाऱ्यात मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात बसायला लागलो. ती शिकत राहिली आणि मला भेटतही राहिली. जागा मात्र ठरलेली... हाच कॅफे, पहिला मजला, कोपऱ्यातलं टेबल.

कधीकधी तिचा ग्रुपही यायचा. मी चहा मागितला की गरम पाण्याचा कप आणि दोरीला लटकणारी पुडी यायची. "बुडव भाई बुडव, अजून शुद्धीवर नाही आला तुझा चहा," तिची एक मैत्रीण म्हणायची. सगळे हसायचे. तीही हसायची... आणि ते मला लागायचं.

मग मी हट्टाला पेटलो. एकदा तरी रिक्षा स्टँडजवळच्या मामांच्या टपरीवर चल. ठेचलेलं आलं, काचेचा ग्लास, खरा चहा. ती टाळायची. आज ऊन आहे, आज लेक्चर आहे, नेक्स्ट टाइम नक्की. एक दिवस माझं डोकंच फिरलं. "सरळ बोल ना, माझ्यासोबत टपरीवर उभं राहायची लाज वाटते तुला."

तिने अर्धी राहिलेली कॉफी बाजूला सरकवली. मग बॅग उचलून म्हणाली, "चल."

मला वाटलं, जिंकलो. लांबूनच ओरडलो, "मामा, दोन स्पेशल, अद्रक मारके!" ती रस्त्याकडे पाठ करून उभी राहिली, बॅग छातीशी धरून. चहा इतका कडक गरम की मी फुंकर मारत होतो, आणि ती घटाघट पीत होती. "कसाय?" मी विचारलं. "मस्त. निघूया?"

आजूबाजूला रिक्षावाले, दुकानवाले, माझ्यासारखी पोरं. बाई एकही नाही. मी रोज तिथे उभा असतो, पण हे कधी दिसलंच नव्हतं. त्या दिवशीही दिसलं नाही, खोटं कशाला बोलू...

तेवढ्यात एक रिक्षा आमच्यापाशी थांबली. चालवणारे अंकल तिच्या गावचे. चर्चच्या कॉयरमध्ये तिच्या पप्पांच्या शेजारी उभे राहून गातात, हे मला नंतर कळलं. "काय गं, तू इथे कुठे?" त्यांनी विचारलं. साधंच.

"मैत्रिणीची वाट बघतेय अंकल." ती हसून म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बस... सटकली माझी. "कसली मैत्रीण? माझ्यासोबत आलीये ती," मी म्हटलं. चांगलं मोठ्याने. वर हातातला ग्लासही उंचावून दाखवला.

अंकल मला काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडलो असतो, ते मला जमतं. ते फक्त तिला म्हणाले, "बस पोरी, मी घरीच निघालोय." तिने उरलेला चहा तसाच मामांच्या फळीवर ठेवला आणि रिक्षात बसली.

आता तिचा भाऊ तिला बाइकवरून कॉलेजला सोडतो आणि न्यायला येतो. तिचा एकच मेसेज आला. "अंकलना मी सांभाळलं असतं रे. तू फक्त एक मिनिट गप्प बसायला हवं होतंस." मला ब्लॉक केलेलं नाही. मी टाइप करतो आणि पुसतो.

तर परवा... कॅफेत गेलो तेव्हा माझ्या नेहमीच्या जागेवरची खुर्ची कुणीतरी ओढून नेली होती. म्हणून तिच्या खुर्चीत बसलो. पहिल्यांदाच.

तिथून अख्खा जिना दिसतो. कोण वर येतंय ते, त्याने आपल्याला बघायच्या आत. काचेतून खालचा रस्ता दिसतो, स्टँड दिसतो. बाहेरून मात्र आतलं काही दिसत नाही, काचेला काळी फिल्म लावलीये. आणि मी इतके दिवस समजत होतो की तिला एसीखाली बसायला आवडतं!

तिला कॉफी किती आवडायची, मला खरंच माहीत नाही. कप बहुतेक वेळा अर्धा राहायचा. मला तो सगळा प्रकार शायनिंग वाटायचा, आणि तिच्यासाठी अख्ख्या वसईत माझ्यासोबत निवांत बसायची तेवढी एकच जागा होती. कॉफी म्हणजे त्या खुर्चीचं भाडं.

टपरीवर मी कुठल्याही दिवशी, कुणाहीसोबत उभा राहू शकतो. मला कोणी विचारत नाही. तिला विचारतात... एवढी साधी गोष्ट कळायला मला तिला गमवावं लागलं.

तिचं गाव आणि बाकी एकदोन गोष्टी मी इथे बदलून लिहिल्यात. तरी तुमच्यातल्या काहींना कळेलच ती कोण ते. प्लीज, कमेंटमध्ये नाव टाकू नका, तिला टॅग करू नका. काही विचारायचं असेल तर मला विचारा, शिव्या घालायच्या तर मला घाला. तिला कुणी काही विचारू नका.