भरलेल्या पोटऱ्या

माझ्या मुलाच्या पोटऱ्या भरलेल्या होत्या. एवढ्या लहान पोराच्या तशा नसतात. सासरे त्याला ओट्यावर पालथं निजवायचे, तेल चोळायचे आणि रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून दाखवायचे, "या, हात लावून पाहा. दगड आहे दगड! हे आमच्या घराण्याचं मांस."

सासरे विदर्भातून रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आलेले. तरुणपणी आखाड्यात जायचे, नागपंचमीच्या दंगलीत कुस्त्या मारायचे. माणूस भेटला की आधी त्याचा दंड चाचपायचे, मग नाव विचारायचे. लग्नात माझं मनगट धरून सासूला म्हणाले होते, "काडी आणली वं घरात." तेव्हापासून मी त्यांच्यासमोर तोंड उघडलं नाही. तशीही आमच्यात सून सासऱ्याशी थेट बोलत नाही, जे सांगायचं ते सासूला सांगते. मला ते बरंच होतं. मला कुणाशीच बोलायला जमत नाही.

राज्य नवीन झालं होतं. बीरगांवच्या आमच्या घरातून कारखान्यांचा धूर तेवढा दिसायचा, पण शहरात शंकर नगरकडे लाल दिव्याच्या गाड्या धावतात, रोज एक नवीन ऑफिस उघडतं, असं नवरा सांगायचा. सासऱ्यांनी ठरवूनच टाकलं की नव्या राज्याला पोलीस लागतील आणि नातू फौजदार होईल. अशा पोटऱ्यांचा माणूस सरकार सोडणारच नाही.

मुलगा उशिरा चालला. चालला तोही टाचा न टेकता, पोट पुढे काढून, डुलत. पाऱ्यातली, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातली, पोरं "बतख, बतख" म्हणत त्याच्या मागे चालायची आणि त्याच्यासारखीच डुलायची. खाली बसलेला असला की त्याला सरळ उठता यायचं नाही. आधी ओणवा व्हायचा, मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, असा स्वतःच्याच अंगावर चढत चढत उभा राहायचा. सासू म्हणायची, "म्हातारा झाला का रे तू? मायसारखाच आळशी."

सासऱ्यांनी इलाज काढला. "पोटरी तयार हाय, मांडी कच्ची हाय. मांडी पिकवली का झालं." रोज सकाळी अंगणात बैठका सुरू झाल्या. मुलगा खाली बसायचा, वर येताना अर्ध्यात थरथरायचा आणि धपकन मातीत बसायचा. पहिले काही दिवस त्याला तो खेळ वाटला, तो हसायचा. मग सासऱ्यांनी कडुलिंबाची छडी आणली. मारायचे जास्त नाहीत, मांडीला टोचायचे, बैलाला टोचतात तसं. त्यांच्या चपलांचा आवाज आला की मुलाची चड्डी ओली व्हायची. मग त्याचाही मार मिळायचा.

एकदा पायरीवरून पडून त्याची हनुवटी फाटली. टाके घालणाऱ्या डॉक्टरनं त्याला उठताना पाहिलं आणि समता कॉलनीतल्या मोठ्या डॉक्टरचा पत्ता दिला. नवरा नाखुशीनंच घेऊन गेला. मोठ्या डॉक्टरनं मुलाला फरशीवर बसवलं आणि म्हटलं, "उठ बेटा." तो चढत चढत उठला. "एक बार और." तो पुन्हा उठला. डॉक्टर पोटऱ्या दाबून पाहत राहिले.

"पैर तो मजबूत हैं, साहब," नवरा म्हणाला. "बस, आलसी है."

"ये ताकत नहीं है," डॉक्टर म्हणाले. "ये चर्बी है."

रक्त तपासून झाल्यावर त्यांनी नीट समजावलं. ते हिंदीत बोलले, मी माझ्या शब्दांत लिहिते. अंगातला स्नायू म्हणजे धाग्यांची जुडी, धाग्याच्या आत आणखी बारीक धागे. स्नायूला एकच काम येतं, आखडायचं आणि हाड ओढायचं. ढकलणं त्याला येत नाही. म्हणून ते जोडीनं असतात, एक हात वाकवतो, दुसरा सरळ करतो. मेहनत केली की बारीक धागे थोडे तुटतात, मग सांधतात आणि पहिल्यापेक्षा जाड होतात. पहलवान असाच बनतो. आमच्या मुलाचे धागे तुटतात पण पुरते सांधत नाहीत. तुटलेल्या जागी चरबी भरते, म्हणून पोटरी फुगलेली दिसते. आधी मांड्या आणि कंबर जाते, मग खांदे. छातीखाली श्वास ओढणारा एक पडदा असतो, तोही स्नायूच. काळीजही स्नायूच. तिथवर पोचायला वेळ आहे, ते म्हणाले.

मी चौथीपर्यंत शिकले, पण त्या दिवशी एकही शब्द माझ्या डोक्यावरून गेला नाही. तसं झालं असतं तर बरं होतं.

नवऱ्यानं बैठकांचं सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी हात वर केला. "एकदम बंद. हर बैठक में टूट रहा है." मग हळूच म्हणाले की हा रोग मुलांना आईकडून येऊ शकतो, आईच्या अंगावर काही दिसत नाही, तिचा त्यात दोष नसतो. शेवटचं वाक्य नवऱ्यानं ऐकलं की नाही मला माहीत नाही. तो वळून माझ्याकडे पाहत होता. घरी जाताना रेल्वे फाटकाशी गाडी थांबली तेव्हा न वळता म्हणाला, "तुझ्यातच होतं तर."

घरी त्यानं तेवढं आणि चरबीचं सांगितलं. बैठका बंद करायच्या हे बापाला सांगायची त्याची हिंमत नव्हती. सासूनं कपाळावर हात मारला, "आमच्यात लुळंपांगळं कोणी झालं नाही वं माय. हे कुठून आणलं हिनं!" सासरे चरबीचं ऐकून भडकले. "कालचा पोट्टा तो डाक्टर. मले शिकवते का? हातानं मांस ओळखतो मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी छडी घेऊन ते अंगणात उभे. मी सासूला म्हटलं, "आई, मामाजींना सांगा ना, डॉक्टर नाही म्हणाले." ती तांदूळ निवडत राहिली. "तूच सांग. रोग तुझा, तोंडही तुझंच लाव."

मी पदर डोक्यावर ओढून बाहेर गेले. "मामाजी, नका करू. एकेका बैठकीनं त्याच्या आतलं तुटून राहिलं. डॉक्टर म्हणाले."

अंगणात शेजारचे दोघं बसले होते. सासरे त्यांच्याकडे पाहून हसले. "घ्या! काडीले वाचा फुटली." मग मला म्हणाले, "काहून? तुले पोट्टा तुझ्यासारखा पाहिजे का, घरात तोंड लपवून बसणारा? उभी राहा इथंच. पाह्य."

आणि त्यांनी मला पाहायला लावलं. मुलगा खाली बसला. "दादाजी, नहीं हो रहा." छडी टोचली. "होते. उठ." त्याचे हात मांड्यांवरून घसरत होते. तो माझ्याकडे पाहत नव्हता, जमिनीकडे पाहत होता. शेवटी सासऱ्यांनी छडी टाकली, दोन्ही काखांत हात घालून त्याला उचललं. आणि मुलगा त्यांच्या हातांतून निसटला. पडला नाही, निसटला. खांदे कानांपर्यंत वर गेले आणि बाकीचं अंग ओल्या कपड्यासारखं खाली सरकलं. पोराला उचललं की त्याचे खांदे आपोआप आवळतात, आपल्या हाताला धरतात. त्याचे धरत नव्हते.

सासऱ्यांनी पुन्हा उचललं. पुन्हा तसंच. मग ते थांबले. आयुष्यभर माणसं पकडून पाहिलेला माणूस, त्याच्या हातांना कळलं. त्यांनी मुलाला मातीत ठेवलं, पंच्याला हात पुसले आणि पुसतच राहिले, जसं काही लागलं होतं. मग आत गेले.

त्यानंतर बैठका बंद झाल्या. मला तेच हवं होतं. पण तेलही बंद झालं, हाकही बंद झाली. मुलगा वाटेत बसला असला तर ते वळसा घालून जायचे. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या थोरल्या दिराचा मुलगा मग सकाळी येऊ लागला. त्याच्या पोटऱ्या बारीक, पण तो वाऱ्यासारखा उठायचा-बसायचा. सासरे त्याला म्हणायचे, "शाबास माझ्या वाघा!" लोकांना सांगायचे, "एकच नातू हाय मले."

माझा मुलगा दारात बसून पाहायचा. एका सकाळी त्यानं माझी साडी ओढली. "मम्मी, मैं भी करके दिखाऊँ? आज हो जाएगा. दादाजी को बोलो ना." बोलता बोलता हात जमिनीला टेकून तो ओणवा झालाही होता. मी त्याचे खांदे धरले आणि खाली दाबले. आजवर जे सगळे म्हणायचे आणि मी कधी म्हटलं नव्हतं, ते मी म्हटलं.

"नको. तुले नाही जमत."

त्यानं पुन्हा उठायला जोर केला. मी दाबून धरलं. मला फारशी ताकद लावावीच लागली नाही.

अंगणातून सासऱ्यांनी ते ऐकलं. दिराच्या मुलाच्या पाठीवर थाप मारत सासूला म्हणाले, "पाह्य. आता माय स्वतःच म्हणून राहिली."