लघवीला सुट्टी नाही

"मुठी वळा. आता पाठीमागं न्या. कमरेच्या वर, बरगड्यांखाली. उजवी जरा खाली. सापडली का किडनी?" असं म्हणत सर स्वतःच्या पाठीवर दोन मुठी टेकवून उभे राहायचे आणि समोरची पोरंही तशीच बसायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, सगळ्या वर्गाची एकदम कंबर धरलीय.

लातुरात क्लासेसचं पेव फुटलं तेव्हा मी एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो आणि सर बायॉलॉजी. गिरणीत इकडून तूर ओतावी आणि तिकडून डाळ पडावी, तसे आमच्याकडून डॉक्टर पडावेत अशी आईबापांची अपेक्षा होती.

सरांचा किडनीचा धडा ऐकण्यासारखा असे. "किडनी लई शहाणी. आधी रक्तातलं पाणी गाळून काढते. त्यात साखर, मीठ, घाण, सगळंच जातं. मग कामाचं तेवढं उचलून परत रक्तात घेते. राहिलं ते मूत्र. समजायलंय का?" हे त्यांचं पालुपद. समजलं नाही असं म्हणायची कोणाची छाती नव्हती.

आता गंमत ऐका. लघवीचा थेंबन् थेंब कुठून कुठे जातो हे ज्याला पाठ, तो माणूस तासातून कोणालाही लघवीला सोडत नसे. क्लास तिसऱ्या मजल्यावर, संडास तळाला. पोरगं खाली गेलं की एक मुद्दा बुडाला आणि मुद्दा बुडाला की मेडिकल हुकलं, हा क्लासच्या मालकांचा हिशेब सरांना पटला होता. बिलोलीकडची एक मुलगी एकदा हात वर करून उभी राहिली. सर म्हणाले, "मूत्राशयाला दोन दारं असतात. आतलं आपल्या हातात न्हाई, बाहेरचं हाय. बस खाली." वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून ती पाणीच पिईनाशी झाली आणि तिचं बघून बाकीच्याही. सर याला शिस्त म्हणत.

स्वतःही तेच करायचे. सकाळी फळ्यासमोर उभे राहिले की दुपारपर्यंत पाण्याचा घोट नाही. पुढे मुतखडे झाले. कळ आली की वेदनाशामक गोळी तोंडात टाकायची आणि खडू उचलायचा. असल्या गोळ्या किडनीची कशी वाट लावतात, हे त्याच तासाला शिकवायचे! मी एकदा म्हणालो, "सर, हा काय मूर्खपणा?" तर म्हणे, "तुमी फिजिक्सवाले. तुमाला काय कळतं?"

मला त्यांचा राग यायचा, पण पुरता येत नसे. ते किल्लारीजवळच्या खेड्यातले. भूकंपात त्यांचा थोरला भाऊ भिंतीखाली दबला आणि संध्याकाळी जिवंत निघाला. बोलला, चहा मागितला. घरचे आनंदाने रडले. मग त्याची लघवी काळपट झाली, मग बंद झाली आणि दोन दिवसांत तो गेला. "वरून तर खरचटलंबी नव्हतं," सर मला एकदा म्हणाले. चेंगरलेल्या स्नायूंतला कचरा रक्तात उतरून किडनी निकामी करतो, हे त्यांना पुढे पुस्तकात सापडलं. "तवा कुणाला म्हाईत असतं तर..." त्या दिवशी मला त्यांची फार माया वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा एका पोराला दटावून खाली बसवलं आणि माझी माया आटली.

शेवटी त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. डायलिसिसला नेलं तर तिथला डॉक्टर त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. लघवी जवळजवळ बंद, प्यायलेलं पाणी अंगातच साचणार, म्हणून आता पाणी मोजून. पाणी असताना न प्यायलेला माणूस भर उन्हाळ्यात बर्फाचा तुकडा चोखत पडून राहिला. "लई तहान लागायलीय, बाबा," ते डॉक्टरला म्हणाले.

"सर, वेळेवर पाणी का नाही प्यायलात?"

"मला शिकवायलास का?"

डॉक्टर खाली बघत म्हणाला, "न्हाई सर. मलाबी खडे हायेत. दोन वर्षं तुमच्या पहिल्या बाकावर होतो."

सरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ते रडत होते.

त्याच उन्हाळ्यात ते गेले. क्लासच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. पोरांना सक्तीने बसवलं होतं. मालकांनी माइक धरला तो सोडेचनात. "सरांनी एकदाही तास अर्धवट सोडला नाही! हा आदर्श ठेवा!" शोकसभेत टाळ्या पडल्या, असा आमचा क्लास.

मध्येच तो डॉक्टर उभा राहिला. "मला लघवीला जायचंय."

"डॉक्टरसाहेब, पाचच मिनिटं. संपतच आलंय."

"मला आत्ता जायचंय," तो म्हणाला आणि चालू लागला.

मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिच्यामागे तिची सगळी रांग उठली. मग पुढची, मग त्याच्या पुढची. मालक माइकमधून "अरे, अरे" करत राहिले आणि जिन्यात चपलांचा आवाज वाढत गेला. हॉलमध्ये मालक, मी आणि हार घातलेला सरांचा फोटो, एवढेच उरलो.

मग मीही उठलो.