अक्काच्या डब्यातला गोटू

हे मी आजवर कुणाजवळ बोललेली नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही. देवासमोर बसल्यावर मनात यायला लागलं, की मी भराभर आरती सुरू करते. तुमच्याजवळ बोलते आहे, कारण तुम्ही अक्काला ओळखत नव्हता. ओळखत असता तर अर्ध्यातून उठून गेला असता, आणि बरोबरच केलं असतं.

गेल्या दिवाळीत पुतण्या आला पुण्याहून. कंप्युटरच्या नोकरीत आहे. फराळाचं ताट मांडीवर घेऊन सांगायला लागला, की आता म्हणे घरातले सगळे फोटो इंटरनेटवर ठेवता येतात. एकदा ठेवले की बघणारा जळगावात असो, सुरतेला असो, नाहीतर अमेरिकेत. अशा तीन-चार कंपन्या आहेत, त्यातली कुठली घ्यायची ते आपण ठरवू, म्हणाला. झालं! आमच्या घरात ठरवायचं म्हणजे काय विचारता? एकाला शंका, फुकट ठेवून घेणाऱ्याचा भरवसा काय. दुसरीला काळजी, आपल्या सुनांचे फोटो जगानं बघायचे का. शेवटी पुतण्याच हसत म्हणाला, "काकूला विचारा. काकूइतकं जपून कुणी ठेवलंय? आईसारखं नको व्हायला, डब्यात ठेवा, ज्याला त्याला वाटा आणि हरवून बसा."

त्याची आई म्हणजे अक्का. माझी मोठी जाऊ. तिला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. सगळे हसले, प्रेमानंच हसले — आणि मीसुद्धा हसले. हसले हो!

आता अक्का कशी होती ते आधी सांगते. उशीर करते आहे असं वाटेल तुम्हाला. करतेच आहे.

मी धुळ्याची. वडील कचेरीत कारकून, घर दोन खोल्यांचं, पण फोटोंचा थाट केवढा! काळ्या पानांचा अल्बम, चार कोपऱ्यांना चिकटवलेले कागदी कोपरे, दोन पानांमध्ये झिरझिरीत कागद, आणि अल्बम कुलपात. लग्न होऊन एरंडोलजवळच्या ह्या गावात आले, गिरणाकाठी, चहूकडे केळी. आल्याच्या आठवड्यात बघते तर काय, घरातले झाडून सगळे फोटो लाडवांच्या पितळी डब्यात! खाली वाळलेला कडुलिंबाचा पाला, वर फोटो, झाकण अर्धवट. आणि भाऊबंदातला कुणीही यायचा, "अक्का, तो फोटू दे वं," म्हणायचा आणि घेऊन जायचा. पोरगी दाखवायची आहे, तिचा फोटो. म्हातारा गेला, दहाव्याला मांडायला फोटो. कुणाच्या मुलाला नुसतंच बघायचं असायचं, की आजोबांचं नाक आपल्यासारखं होतं का. अक्का नाही म्हणायची नाही. फक्त एक नेम होता तिचा. फोटो नेशील तर तुझी एखादी वस्तू डब्यात ठेवून जा, फोटो आणशील तेव्हा परत घे. चष्म्याचं घर, एका पायातलं जोडवं, काहीही. आमच्या चुलतसासऱ्यांनी एकदा घाईत एकच चप्पल काढून दिली आणि एरंडोलच्या बाजारात अनवाणी फिरले! अक्कानं ती चप्पल खरंच धुऊन-पुसून डब्याशेजारी मांडून ठेवली होती.

मी तिला सुचवलं होतं, बरं का. कुलूप लावा म्हटलं. कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "फोटू काय लोनचं शे का, झाकी ठेवाले? आठे बठ्ठासना फोटू शेतस." सगळ्यांचे आहेत, तर सगळ्यांना मिळणार. सातवी शिकलेली बाई, तोंडाची फटकळ, सासऱ्यांना — आम्ही आबा म्हणायचो त्यांना — त्यांनासुद्धा दोन शब्द ऐकवून मोकळी व्हायची. पण तिच्या त्या डब्यातला एक फोटो गहाळ झाला नव्हता. एकही नाही. मला तिचं कौतुक वाटायचं का? वाटायचं. आणि त्याच कौतुकानं पोटात दुखायचं. दार वाजलं की हाक अक्काला. कुणी मला विचारायला येत नव्हतं. मी पदवीधर, मी अल्बमवाली, आणि माझ्याकडे कोण येतं? कुत्रं नाही.

डब्यात गोटूचा फोटो होता. गोटू म्हणजे माझ्या नणंदेचा, शकूताईंचा मुलगा. जामनेरला दिलं होतं त्यांना. तीन वर्षांचा होऊन तापात गेला. जत्रेत एक फोटोवाला विमानाचा पडदा लावून बसला होता, त्या विमानासमोर उभं करून काढलेला तो एकच फोटो. निगेटिव्ह कुठली? फोटोवाला कोण, कुठला, कुणाला माहीत! शकूताईंना त्यांच्या सासूनं बजावलं होतं, गेलेल्या लेकराचा फोटो घरात ठेवायचा नाही, पुढची कूस उजवत नाही. म्हणून तो अक्काकडे. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शकूताई माहेरी यायच्या. बाकीच्या लेकीबाळी झोक्याकडे पळायच्या, गाणी म्हणायच्या. ह्या आधी पाणी प्यायच्या आणि अक्कापुढे हात करायच्या. अक्का त्यांच्याकडून कधी वस्तू ठेवून घेत नसे. त्या फोटो घेऊन मागच्या ओट्यावर बसायच्या, आणि तेवढा वेळ अक्का तिकडे कुणाला फिरकू देत नसे. पोरांना हाकलायची, सासऱ्यांनाही. वर्षातून एकदा त्या बाईला तिचं लेकरू भेटायचं, ते अक्कामुळे.

आता सांगते.

त्या वर्षी आखाजीच्या आधी घरी केळीचे वेफर्स करत होतो. कच्च्या केळ्यांचा ढीग, मी सोलते आहे, चिरते आहे. चिरण्याआधी हाताला तेल लावायचं असतं, नाहीतर केळीचा चीक बसतो. मला कुणी सांगितलं नव्हतं असं म्हणणार होते, पण नाही. सांगितलं असणार. इथली माणसं काही ऐकवायला लागली की मी कान बंद करायची, हे खरं. अक्का त्या दिवशी पद्मालयाच्या गणपतीला गेली होती, चतुर्थी होती. मला वाटलं, हीच वेळ. धुळ्याहून नवा अल्बम आणून ठेवलाच होता. शकूताई येतील, गोटूचा फोटो झोकदार पानावर बघतील, आणि म्हणतील, बघा, धाकलीनं केवढी माया केली. अक्का नाही, धाकली! हात पदराला पुसले. स्वच्छ दिसत होते. डब्यात नेमाप्रमाणे काही ठेवलं का? मी कशाला ठेवते! घरचीच ना मी. पहिला गोटूचाच फोटो घेतला, उजेडात धरला, बोटानं धूळ झटकली. मग आणखी पाच-सात हाताळले. तेवढ्यात बाहेरून हाक आली, म्हणून सगळं परत डब्यात टाकलं आणि गोटूचा तेवढा माझ्याजवळ ठेवला.

केळीचा चीक ओला असताना पाण्यासारखा असतो. दिसत नाही. वाळला की काळपट तपकिरी होतो, आणि मग कापड फाटेल पण डाग जाणार नाही. हे ह्या गावातलं शेंबडं पोरही जाणतं. सकाळी बघते तर गोटूच्या चेहऱ्यावर माझी बोटं उमटलेली! तेव्हाच अक्काकडे धावत गेले असते तर? नाही गेले. ओलं फडकं घेतलं, साबण लावला, आणि घासलं. फोटोचा वरचा पापुद्रा सुटला हो, फडक्याबरोबर निघून आला. विमान राहिलं. पोरगं गेलं.

तो कागद मी आंघोळीच्या बंबात घातला.

आखाजीला शकूताई आल्या, पाणी प्यायल्या, हात पुढे केला. अक्कानं डबा उघडला. चाळला. परत चाळला. सगळा डबा चादरीवर ओतला, पाला विंचरला. शकूताईंच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. कोणी काही विचारण्याआधी मीच बोलले — काय गरज होती? "अक्का, तुम्ही कुणाला तरी दिला असेल. तुम्ही काय, कुणालाही देता." चोर तो चोर, वर शिरजोर. असा गोड आवाज लावला होता मी, की माझं मलाच खरं वाटलं.

अक्काच्या हातात तेव्हा आबांचा फोटो होता. त्याच्या कडेला तपकिरी बोट उमटलेलं होतं. तिनं दुसरा उचलला, त्यालाही. मग तिसरा. उभा जन्म केळीत गेलेली बाई ती. चीक तिला कळणार नाही? घरात तेल न लावता केळी चिरणारी कोण, हे तिला माहीत नव्हतं? तिनं वर बघितलं, माझ्याकडे. मी वाट बघत होते. आता हिचं तोंड सुटणार, आता माझी अब्रू चावडीवर जाणार. माझं लग्न होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती, पोटात पोर होतं, आणि घरात सगळे जमलेले.

अक्कानं फोटो खाली ठेवला आणि म्हणाली, "शकू, मनाकडथीन हरायना वं बाई."

माझ्याकडून हरवला. एवढंच. शकूताईंनी जो टाहो फोडला तो मी बोलून दाखवू शकत नाही. त्यांनी अक्काला काय काय म्हटलं! तुझी लेकरं जिवंत आहेत, तुला काय त्याचं, असंही म्हटलं. फटकळ अक्का, जिला कुणाचा अर्धा शब्द खपत नसे, ती मान खाली घालून ऐकत बसली. संध्याकाळी आबांनी सगळ्यांना बसवलं. फोटो कुणाकडे ठेवायचे? एकजण म्हणाला स्टुडिओत द्या, कुणी काही, कुणी काही. शेवटी ठरलं, धाकलीकडे. शिकलेली आहे, गोदरेजचं कपाट आहे, कुलूप आहे. अक्कानं डबा स्वतः उचलून माझ्या हातात दिला. मी घेतला. म्हणजे बघा ना, जे मला हवं होतं ते मिळालंच.

पुढच्या आठवड्यात उरलेली केळी चिरायला बसलो, ती आणि मी. मी विळीला हात घातला, तर तिनं तो धरला. तेलाची वाटी पुढे ओढली आणि माझ्या तळहाताला तेल लावलं, बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडांना, लहान लेकराला लावतात तसं निवांत. मला वाटलं, आता बोलेल. बोलली नाही. विळी माझ्याकडे सरकवली आणि स्वतःच्या हाताला लावायला लागली.

का नाही बोलली? माझ्या पोटातल्या पोरासाठी? घर फुटू नये म्हणून? मी पुष्कळ डोकं चालवलं. तिच्या जागी मी असते तर मी सोडलं नसतं कुणाला, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. मी तिच्याइतकी मोठी बाई दुसरी बघितली नाही. तिच्या हयातीत हे तिला एकदाही म्हटलं नाही. म्हणायला गेले असते तर बाकीचंही बोलावं लागलं असतं ना!

माझ्या कपाटातले फोटो छान राहिले. नवे अल्बम, झिरझिरीत कागद, सगळं. पण भाऊबंद येईनासे झाले. सुरुवातीला एक-दोघं आली, मी अशी काही तोंडं केली, की पुढं कोण येणार? फोटो न हलता पडून राहिले. आणि लोक म्हणायला लागले, धाकलीकडे फोटो सुरक्षित. शकूताई आखाजीला आल्या की आता माझ्याकडे बसायच्या, माझ्या हातचं खायच्या. अक्का त्यांच्यासाठी सांजोऱ्या करून पाठवायची, त्या ताटाला हात लावत नसत. ताट मी परत नेऊन द्यायची. अक्का विचारायची, "खाधं का तिनी?" मी म्हणायची, खाल्लं. हे आणखी एक खोटं. दर वर्षीचं.

अक्का आजारी पडली, जळगावला दवाखान्यात राहिली, मग डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. शकूताई आल्या. इतक्या वर्षांनी अक्काच्या खाटेवर बसल्या, तिचा हात हातात घेतला. मी पाणी घेऊन आले होते, पेला माझ्या हातात होता. अक्काचा मुलगा दाराशी उभा होता. शकूताई रडत म्हणाल्या, "अक्का, तो गोटूचा फोटो — मी तुला माफ केलं. मनात काही ठेवू नको."

आता तरी बोल, असं मला माझंच ऐकू येत होतं. तीन शब्द पुरले असते. अक्कानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर कदाचित मी... नाही. ते राहू द्या. तिनं दोन्ही हात जोडले, कसेबसे छातीपर्यंत आणले, आणि शकूताईंना म्हणाली, "बरं व्हयनं वं बाई." बरं झालं. एवढंच.

मी पेला पुढे केला. शकूताईंनी तिला पाणी पाजलं.