मैनाबाईचा फोटो

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. बाबा गेले, त्यांना कळली नाही. दर रविवारी विहारात माझ्या बाजूला सतरंजीवर बसणाऱ्या मित्राला तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? कारण राग आता आवरत नाही. चार वर्षं मी हा राग दुसऱ्यांवर काढत आलो. त्या ग्रुपवाल्यांवर, त्यांच्या ॲपवर, कशावरही विश्वास ठेवणाऱ्या लोकांवर. एकदा तर मैनाबाईवरच. तीच गप काऊन बसली, म्हणून.

थांबा. असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला काही कळायचं नाही.

आलापल्लीच्या बसथांब्यासमोर माझं ऑनलाइन सेंटर आहे. दाखले, आधारची दुरुस्ती, परीक्षांचे फॉर्म, झेरॉक्स. बाबा सागवानाच्या डेपोत मजूर होते. लाकडं उचलून उचलून त्यांचा खांदा एका बाजूला उतरला होता, पण मला त्यांनी कॉम्प्युटरपर्यंत शिकवलं. सेंटर टाकायला कर्ज मागायला मी गडचिरोलीला एका बँकेत गेलो, तेव्हा साहेबांनी अर्जावरचं आडनाव वाचलं, मग माझ्याकडं पाहिलं, मग फाईल खालच्या खणात टाकली. बोलले काहीच नाहीत. आमच्या लोकांना यातलं न बोललेलंच जास्त ऐकू येतं.

म्हणून क्रिप्टोचं जेव्हा पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मी पागल झालो. पैशासाठी नाही — शपथेवर सांगतो, सुरुवातीला पैशासाठी नाही. जगात एक व्यवहार असा आहे, ज्यात साहेब नाही, खालचा खण नाही, आडनाव विचारणारा कोणी नाही! दिवसभर दाखले काढायचो आणि मधल्या वेळात ते सारं वाचत बसायचो. मग एक मराठी ग्रुप सापडला. हजारो माणसं, बहुतेक मोठ्या शहरांतली, काही परदेशातली. नव्या माणसानं आधी आपली ओळख लिहायची, असा नियम होता. मी ती तीनदा लिहून तीनदा खोडली. शेवटी लिहिलं — क्रिप्टोप्रेमी, आलापल्ली, जिल्हा गडचिरोली.

पहिलं उत्तर आलं — तिकडे नेट चालतं का? दुसरं — नक्षलवाद्यांनी पण वॉलेट उघडलंय वाटतं. मग हसरे चेहरे. पन्नास तरी असतील. एकानं विचारलं, झाडावर चढून मेसेज पाठवतोस का.

आडनाव खरंच कोणी विचारलं नाही. जिल्ह्यावरच भागलं.

तुम्ही काय केलं असतं? मी काय केलं ते सांगतो. मीही एक हसरा चेहरा टाकला. मग दोन आठवडे मी तिथं लांबलचक लिहीत राहिलो, हे तंत्र चालतं कसं, सामान्य माणसाला त्याचा उपयोग काय. चांगलं लिहीत होतो, अजून वाचलं तरी चांगलं वाटतं. कोणी ढुंकून पाहिलं नाही. आतल्या आत जळत होतो मी. यांना दाखवायचं होतं, आमच्याकडचं एक माणूस तरी तुमच्या पुढं आहे. तसं माणूस नव्हतं. मग मी ते बनवलं.

मैनाबाई आलापल्लीपासून आत, जंगलातल्या एका गावची. गोंड घरातली, पन्नाशीची. तिच्या ग्रामसभेनं तिला वनसमितीची अध्यक्ष केलं होतं, त्या गावची पहिली बाई अध्यक्ष. एकदा बांबूच्या ठेकेदाराची माणसं ठरलेल्या हद्दीबाहेर तोडत होती, तर ही बायांना घेऊन गेली आणि ट्रकसमोर बसली. शिवी नाही, आरडाओरडा नाही. ट्रक रिकामा होईपर्यंत उठली नाही. समितीचे कागद टाईप करायला ती माझ्याकडंच यायची. मी लिहिलेलं मोठ्यानं वाचून घ्यायची, चुकलं की थांबवायची, मग एक एक अक्षर जोडत सही करायची. कमरेच्या पिशवीत बटनांचा फोन. तोही तिला फक्त घेता यायचा, लावता यायचा नाही.

एका दुपारी लाईन गेली. ती कागदांसाठी बाकावर बसून राहिली. मी माझा मोबाईल तिच्या हातात दिला. पडद्यावर कॉइनच्या भावाचा हिरवा आलेख होता. म्हटलं, बाई, असा धरा आणि जरा हसा.

"कायले काढतेस रे भाऊ, फोटू?"

मी म्हटलं, सेंटरच्या भिंतीवर लावतो. तिनं पदर नीट केला आणि हसली. काय फोटो आला होता तो! तेंदूची पानं तोडून काळे पडलेले हात, त्यात चमकणारा पडदा, आणि ते हसू. कोणाचंही मन विरघळावं.

संध्याकाळी मी तो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं की ही माझ्या भागातली तेंदूपत्ता तोडणारी बाई, बँकेच्या रांगेला कंटाळली, आता सगळी कमाई कॉइनमध्ये ठेवते, आणि मी हिला शिकवलं. तिचं गाव पण तयार आहे, असंही लिहिलं. वाक्यं फार जुळून आली. खोटं लिहायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत — आणि खरं लिहायला बघा, चार वर्षं.

मग काय! झाडावर चढायचं विचारणाऱ्यानं हात जोडले. ग्रुप चालवणारे, सगळे त्यांना नुसतं सर म्हणायचे, त्यांनी मला फोन केला, आवाज भरून आला होता त्यांचा. मला मॉडरेटर केलं. म्हणजे कोणाला ग्रुपमध्ये ठेवायचं, कोणाचा मेसेज पुसायचा, हे माझ्या हातात आलं. आयुष्यात पहिल्यांदा खण माझ्याकडं होता.

काही महिन्यांनी सरांनी स्वतःचा कॉइन आणि ॲप काढलं. जाहिरातीवर मैनाबाई होती. खाली मोठ्या अक्षरांत — जंगलातली बाई शिकली, तुम्ही कधी शिकणार? त्याखाली बारीक अक्षरांत माझाच मजकूर. मला न विचारता त्यांनी फोटो —

नाही. हे खोटं आहे. बघा, अजून सवय जात नाही. त्यांनी विचारलं होतं. फोटो वापरू का, असा साधा मेसेज आला होता. मी होकाराचा अंगठा टाकला होता.

ती जाहिरात मोबाईलवरून मोबाईलवर फिरली. मूल गावाला गेली, गोंडपिपरीला गेली, सिरोंच्यापर्यंत गेली. मोठ्या शहरातल्या लोकांना ते चित्र गोड वाटलं असेल, पण आमच्याकडं लोकांनी तिला ओळखलं. ठेकेदाराला न भिणारी बाई! तिनं पैसे टाकले म्हणजे सुरक्षित असणार. माणसानं माणसावर ठेवलेला विश्वास होता तो. हे लोक कॉइनला नाही भुलले, तिच्या चेहऱ्यावर विसंबले. आणि एका सकाळी ॲप उघडेनासं झालं. पैसे काढायचं बटन होतं, दाबलं की फिरत राहायचं. सर म्हणाले, तांत्रिक अडचण आहे. मग ग्रुपवर शिव्या सुरू झाल्या, आणि सरांनी मॉडरेटरांना सांगितलं, नकारात्मक लोकांना बाहेर काढा.

मी काढले. वाचून वाचून काढले.

त्यात एक मेसेज होता. गोंडपिपरी तालुक्यातल्या एका नर्सचा. "फोटोतली बाई माझी सख्खी मावशी आहे. तिच्याकडं पाहून मी माझे आणि आईचे पैसे टाकले. मला उत्तर द्या." मी तो दोनदा वाचला. मग मेसेज पुसला, आणि तिला ग्रुपमधून काढलं. तिला उत्तर देऊ शकणारा माणूस त्या हजारो माणसांत एकच होता.

ती नर्स पुढच्या आठवड्यात मावशीच्या गावी गेली. मैनाबाईला काही कळेना. ॲप काय, कॉइन काय! भाचीनं मोबाईलवर तिलाच तिचा चेहरा दाखवला. गावात कुजबूज झाली की बाईनं कमिशन खाल्लं. आधीच बाई अध्यक्ष काहींना खुपत होती. ग्रामसभा बसली, आणि जाहिरातीत काय लिहिलंय ते नीट वाचून सांगायला त्यांनी कोणाला बोलावलं असेल? कॉम्प्युटर समजणारा, शिकलेला, विश्वासाचा माणूस म्हणून — मला. मोटरसायकल पाठवली होती माझ्यासाठी.

गोटुलासमोर, म्हणजे गावच्या सामाईक घरापुढं, मोहाच्या झाडाखाली सगळे बसले होते. मला प्लास्टिकची खुर्ची दिली, पाणी दिलं. बाकी सारे जमिनीवर. गावपाटलांनी मोबाईल माझ्या हातात ठेवला. मी वाचलं. माझीच वाक्यं होती ती, सरांनी थोडी फिरवलेली. मी ती पहिल्यांदाच पाहतोय अशा आवाजात वाचली, अडखळत, अर्थ समजावून सांगत. एक म्हातारा गोंडीत काहीतरी बोलला, कोणीतरी मला मराठीत सांगितलं, तो विचारतोय की हे खरं की खोटं. मी म्हटलं, जे लिहिलं आहे ते मी सांगून राह्यलो, खरंखोटं मले काय माहीत.

तेव्हा मैनाबाई बोलली. बायांच्या पुढं बसली होती ती. आवाज चढवला नाही.

"भाऊ, हा फोटू तूनंच काढला होता ना? तुह्या दुकानात?"

सगळे माझ्याकडं वळले. किती सोपं होतं! एक हो. त्या हो नंतर मला मार पडला असता, पोलीस आले असते, सेंटर बंद झालं असतं — झालं असतं, मग? पण तेव्हा मला काय आठवलं, सांगू? तो फोन, सरांचा भरून आलेला आवाज. मॉडरेटर.

मी म्हटलं, "मी लय जणाचे फोटो काढतो, बाई. हा मले आठवत नाई."

ती माझ्याकडं पाहत राहिली. रागानं नाही. अक्षर चुकलं की जशी थांबवायची, तशी — मी दुरुस्त करीन म्हणून थांबल्यासारखी. मी मोबाईल गावपाटलांना परत दिला. त्यानंतर ती एक शब्द बोलली नाही. माझ्यासारख्या दुकानदाराला खोटं पाडायला तिच्याकडं काय होतं? माझ्याकडं खुर्ची होती.

तिला अध्यक्षपदावरून काढलं. त्याच पावसाळ्यात नव्या अध्यक्षानं त्याच ठेकेदाराशी बोलणी केली, पुढचं तुम्हाला सांगायला नको. भाची तेव्हापासून मावशीच्या दारात आलेली नाही, हेही मला गावातल्या एकानं दाखला काढताना सहज सांगितलं. त्याला वाटलं मला नवल वाटेल. मी नवल वाटल्यासारखं केलं.

त्यानंतर मी सरांना लिहिलं की फोटो काढून टाका. लगेच उत्तर आलं, "भावा, दिला कोणी होता?" मी पुन्हा विषय काढला नाही. सरांवर चिडलो, पार तळपायापासून चिडलो. विहारात पंचशील म्हणताना चौथं आलं की, खोटं बोलण्यापासून दूर राहीन, माझा आवाज मुद्दाम मोठा व्हायचा, जणू सगळी लबाडी तिकडं शहरात आहे आणि मी इकडं स्वच्छ.

मैनाबाईला कधीकधी कागद लागतात. ती माझ्या सेंटरात येत नाही. समोरच्या थांब्यावर उभी राहते, गडचिरोलीची एसटी धरते, दिवस मोडून झेरॉक्सपुरती तिकडं जाते. मी काउंटरवरून पाहतो. ती इकडं बघणं टाळत नाही. नजर दुकानावरून जाते, माझ्यावरून जाते, आणि बस येते.

आता शेवटचं. हे सांगायचं नव्हतं, पण हे नाही सांगितलं तर बाकीचं सांगून काय उपयोग? ग्रुप बंद पडला नाही. नाव बदललं, नवा कॉइन आला. मी त्यात आहे, अजून मॉडरेटर आहे. मागच्या महिन्यात सिरोंच्याकडची एक अंगणवाडी सेविका नव्यानं आली. तिनं ओळख लिहिली, मी लिहिली होती तशीच, जिल्ह्याच्या नावासकट. कोणीतरी स्वागताला मैनाबाईचा फोटो टाकला. तिनं विचारलं, ही बाई खरंच आमच्याकडची आहे का? खरंच हिनं यात कमावलं?

सगळ्यांनी माझं नाव जोडलं. यालाच विचारा, यानंच शिकवलं तिला.

भर दुपार होती. दुकानात कोणी नव्हतं. कोणी माझ्या तोंडाकडं पाहत नव्हतं, खुर्ची नव्हती, गावपाटील नव्हते, पोलीस नव्हते. भिण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं.

मी लिहिलं — हो.