अळणी मसूर

बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या ज्यू लोकांसाठी जेरुसलेममध्ये जुन्या पोथ्या नव्या चामड्यावर उतरवून देणारा अज्जूर तोंडाचा भारी फटकळ. नक्कल करताना एखादा शब्द सुटला तर तो समासात लिहायचा आणि त्यावरून पुढची नक्कल करणाऱ्याने तो ओळीत घ्यायचा, अशी या कामाची रीत होती. लिहिलेलं काही गाळलं, की अज्जूर सख्ख्या जावयालाही फैलावर घ्यायचा.

एका दुपारी त्याने बोरू नवा तासला. तो नीट चालतो का बघायला समासात खरडलं, ‘आजही मसुरात मीठ नाही.’ मग ते खरवडून टाकायचं राहूनच गेलं.

पुढे त्याची नजर अधू झाली आणि काम जावयाकडे, इद्दोकडे गेलं. इद्दोने उतरवलेली पोथी सणाला चौकात वाचली जात होती. वाळवंटातल्या उपासमारीच्या वर्णनात मध्येच आलं, ‘आजही मसुरात मीठ नाही.’

अज्जूर ताडकन उठला. “अरे, ते देवाचं नाही, माझं आहे. काढ ते.”

“मामा, लिहिलेलं गाळायचं नाही, तुम्हीच शिकवलंत,” इद्दो शांतपणे म्हणाला.

एका वृद्ध याजकाने लगेच अर्थ सांगितला. देवाशी आपला करार मिठाचा. तो आपण मोडला, म्हणून आपला घास अळणी. लोक ढसाढसा रडले. अज्जूरची बायको नोआद्या मात्र नवऱ्याकडे बघत राहिली.

घरी पहिल्याच घासाला अज्जूरने वाडगं सरकवलं. “मीठ कुठंय यात?”

“आता ते शास्त्रात आलंय,” नोआद्या म्हणाली. “गिळा मुकाट्यानं.”