दोन्ही गोण्या सारख्या

खेमसिंगकाकाले ओळखाचं असन त आधी त्याईची मोटारसायकल पाहा. मागच्या सीटच्या दोन्ही बाजूले दोन पिशव्या, अन् दोन्हीचं वजन सारखं. एकीत मेथी असली अन् दुसरीत टाकाले काही नसलं, त दुसरीत दगड. दारव्ह्याच्या बाजारात लोक हसतात, पण काकाले फरक पडत नाई. "माह्या आजानं बैलाच्या पाठीवर गोण्या लादून मुलूख पाह्यला," ते म्हणतात. "एका बाजूची गोणी जड झाली का बैलाची पाठ सोलते. मंग बैल बी जाते अन् माल बी." काकानं स्वतः कधी बैलावर गोणी लादली नाई. तांड्याजवळच्या सहा एकरात कापूस अन् सोयाबीन पिकवण्यात त्याईची जिंदगी गेली. पण गोणीची शिस्त काही अंगातून गेली नाई.

त्या गुरुवारी एका पिशवीत लॅपटॉप होता अन् दुसरीत अडीच किलो तूर. मागं जमनीकाकू बसली होती, काकाची बायको. लॅपटॉप मीच विकलेला, दहा दिवसाआधी. मी निकिता. बसस्टँडच्या मागं माहं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. माही जीभ तिखट आहे असं घरचे म्हणतात, गिऱ्हाईकं म्हणतात, अन् म्हटलं का मी आणखी चिडते. पण त्या दिवशी जे झालं त्याची सुरुवात जिभेनं नाई, माह्या घाईनं झाली. म्हणून पुरं सांगते.

जमनीकाकूसारखा ढावलो आमच्या भागात कोणाले येत नव्हता. बंजाऱ्यायच्या लग्नात नवरी सासरी निघाली का मायच्या, मावशीच्या गळ्यात पडून रडत रडत जे गाणं म्हणते, तो ढावलो. मायनं पोरीले शिकवाचा, पोरीनं आपल्या पोरीले. काकूची शीला यवतमाळले नर्स आहे. काकू दर दिवाळीले म्हणे, शिकून घे. शीला म्हणे, "शिकीन ना याडी, घाई काय हाय?" याडी म्हणजे माय. असं करता करता जानेवारी आला अन् काकूच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, जीव वाचन, आवाज वाचणार नाई.

ऑपरेशनले अकरा दिवस होते. त्या अकरा दिवसात काकानं फोनवर काकूचा आवाज भरून घेतला. सकाळी आंगणात, दुपारी चुलीपाशी, जवा तिचा गळा साथ देईन तवा. मधातच फोन सांगे, जागा नाई. मंग काका आधीचे फोटो पुसत, लग्नाकार्याचे, बैलपोळ्याचे, सगळे. त्रेचाळीस व्हिडिओ झाले. त्यानंतर काकूच्या गळ्याले एक छिद्र पडलं. ती तिथूनच श्वास घेते, वरून पांढरा रुमाल बांधते, अन् बोलत नाई.

शीलाचं लग्न आता रविवारी होतं. शुक्रवारी ती सुट्टीवर येणार, अन् दोन दिवस मायचा आवाज ऐकून ढावलो बसवणार, असं ठरलं होतं. फोन तवापर्यंत म्हातारा झाला होता, चालता चालता बंद पडे. म्हणून काकानं लॅपटॉप घेतला. त्रेचाळीस व्हिडिओ त्यात टाकले अन् फोन पुसून साफ केला. म्हणजे काकूचा आवाज जगात एकाच ठिकाणी राह्यला होता, अन् ते ठिकाण आता माह्या टेबलावर होतं.

दहा दिवसाआधी मी तो लॅपटॉप त्याईच्यासमोर पहिल्यांदा सुरू केला होता. डब्ब्यावर लिहिलं पाचशे बारा जीबी, स्क्रीनवर दिसे चारशे शहात्तर. काकाचा चेहरा पडला. "पोत्यावर एक लिहाचं अन् आत एक भराचं. छत्तीस कोणं खाल्ले, बाई?" मी सांगितलं, कोणं नाई खाल्ले. कंपनी एका मापानं मोजते, लॅपटॉप त्याहून मोठ्या मापानं, माल तेवढाच. काका म्हणे, "मंग ठीक हाय. शेर अन् किलो." माणूस हुशार, हे मी तवाच पाह्यलं.

मंग त्या जागेचे मी दोन भाग करून दिले. सी म्हणजे शंभर जीबीचा, त्यात लॅपटॉपचं सोताचं सामान. डी म्हणजे बाकीचा मोठा, त्यात तुमचं सामान. सी भरत आला का त्याची पट्टी लाल होते अन् लॅपटॉप जड चालते, मंग सीमधलं डीमध्ये सरकवाचं.

"म्हणजे दोन गोण्या," काका म्हणे. "दोन्ही सारख्या ठेवाच्या."

त्या वक्ती दुकानात फॉर्म भराले बारा जण उभे होते अन् प्रिंटरमध्ये कागद फसला होता. मी मान न वळवता म्हटलं, "हो काका, तसंच समजा."

आता गुरुवारी तोच लॅपटॉप सुरू केला त निळी स्क्रीन अन् इंग्रजी ओळी. पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच.

"काय केलं काका?"

"काई नाई. सी लाल झालता, डी रिकामाच. तुनंच सांगितलं होतं ना, सारख्या ठेवा. म्या मोठे मोठे फोल्डर उचलून डीत टाकून राह्यलो होतो."

"कोणते फोल्डर?"

"इंग्रजी नावाचे. लॅपटॉप विचारे, मी हो म्हणे. काई सरकले, काई हटून बसले. शेवटी गाण्याचं टाकलं. सकाळी पाहतो त असं."

माह्या डोक्यात सणक गेली. "अहो काका, गोणी सरकवाची होती, तुमी त बैलच अर्धा इकडं अर्धा तिकडं करून ठेवला. ते लॅपटॉपचे हातपाय होते." मी आवाज चढवला. काका खाली मान घालून ऐकत होते. काकू बाकावर बसली होती, तिनं हात वर केला. मले वाटलं, बस कर म्हणते. मी चूप झाली, पण मनातल्या मनात मले आपलंच 'तसंच समजा' ऐकू आलं, अन् त्यानं मी आणखी चिडली.

"गाणे जातील काय?" काकानं विचारलं. आवाज एकदम बारीक.

"गाणे कुठं ठेवले?"

"डीत. मीच टाकले ना सगळ्यात शेवटी. जमनी नावाच्या फोल्डरात हायत."

"मंग काही नाई जात. सी पुसून नवा विंडोज टाकते. डीले हात लावत नाई."

हे मी महिन्यातून दहादा करते. तरी खात्री म्हणून पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला अन् डी उघडून पाह्यला. ढीगभर इंग्रजी फोल्डर, अन् त्यात एक मराठीत, जमनी. झालं. दिसलं ना नाव. मी ते उघडून पाह्यलं नाई. बाहेर दोन गिऱ्हाईकं ताटकळत होती.

काकूनं पुन्हा हात केला. डावा हात पुढं, तळवा वर, अन् उजव्या हाताचं बोट त्या तळव्यावर ठोकत होती. मी पाण्याचा ग्लास भरून दिला. तिनं ग्लास घेतला अन् न पिता बाजूले ठेवला. काका म्हणे, "ऑपरेशनपासून अशीच करते. घाबरली हाय." मी म्हटलं, "काकू, पंधरा मिनिटं, फक्त पंधरा मिनिटं." अन् नवा विंडोज टाकाची पाटी उघडली, सी निवडला. लॅपटॉपनं विचारलं, या भागातलं सगळं पुसल्या जाईन, पुढं जाऊ काय?

तेवढ्यात काकू उठली. आली अन् माह्या उजव्या हाताचं मनगट धरलं. साठीची बाई, अंगात जीव नाई, पण पकड अशी का बोट हलवता येईना. गळ्यावरच्या रुमालातून श्वासाचा आवाज येत होता, घर्र घर्र. मी घाबरली. खरंच घाबरली, वाटलं तिले काही होऊन राह्यलं.

तिनं माहा हात सोडला अन् दोन्ही हात समोर धरले, तराजूसारखे. डावा हात खाली, जड. उजवा वर, हलका. काकाकडं पाह्यलं, मंग माह्याकडं. मंग लॅपटॉपच्या काचेवर, खालच्या बाजूले, बोट टेकवून इतकंसं सरकवलं. करंगळीच्या नखाएवढं. अन् झाकण लावाची खूण केली.

काका तिच्या हाताकडं पाहत राह्यले. "हिरवी पट्टी," ते हळूच म्हणाले.

"कोणती हिरवी पट्टी?"

"गाणे सरकवाले लावले ना, तवा पट्टी सुरू झालती. एवढीशीच झालती, ही बाजूलेच बसून पाहत होती. मंग शीलाच्या सासरचे मंडपाचं विचाराले आले, मी झाकण लावून भाईर गेलतो. मले वाटलं, झाकल्यावर आतल्या आत होत राहीन, दही लागते तसं." ते थांबले. "चार्जर बी लावला नव्हता."

झाकण लावलं का लॅपटॉप झोपतो, काम करत नाई. रात्रभरात बॅटरी उतरली अन् तो बंद पडला. नाव डीत गेलं होतं, माल नाई.

मी पाटी बंद केली. डीतलं जमनी फोल्डर उघडलं. चार व्हिडिओ. सी उघडला. इंग्रजी फोल्डरायच्या पडक्या पसाऱ्यात जमनी तिथंही होतं. एकोणचाळीस. चार अन् एकोणचाळीस, त्रेचाळीस. मी तीनदा मोजले. तळव्यावर बोट ठोकून काकू हेच सांगत होती, उघडून मोज. काका विचारत होते, "हायत काय? बाई, हायत काय?" मी मानेनंच हो म्हटलं.

काकू मात्र बाकावर जाऊन बसली होती. तिनं तो पाण्याचा ग्लास उचलला अन् सगळं पाणी पिऊन टाकलं, अन् रुमालानं तोंड पुसलं.

मी एक व्हिडिओ लावला, कोणता होता ते पाह्यलं नाई. चुलीपाशी काकू बसलेली, धुरानं डोळे लाल, अन् ढावलो सुरू. मले गोरबोली, बंजाऱ्यायची बोली, कळत नाई. एक शब्द कळला, याडी, तो सारखा येत होता. आवाज जाडसर, वर जाताना फाटणारा, पण सूर सोडत नव्हता. मधातच ती गाणं थांबवून काकावर खेकसली. काका हसले अन् डोळे पुसत मले सांगाले लागले, "दूध उतू चाललं होतं. मी फोन धरून बसलो, म्हणून शिव्या देऊन राह्यली."

जमनीकाकूचे ओठ हलत होते. व्हिडिओतली काकू जे म्हणे तेच, शब्दाले शब्द, शिव्यायसकट. मी रडली. गिऱ्हाईकं उभी होती, तरी रडली, सांगाले लाज नाई.

मंग मी खरं सांगून टाकलं. "काका, काकूनं हात धरला नसता त मी दाबणारच होती. अन् त्या दिवशी 'तसंच समजा' मीच म्हटलं होतं. मी तुमचं ऐकलंच नाई."

"ओझं घसरलं त बैलाले मारत नाईत, बाई," काका म्हणाले. "अन् दोघायले दिसलं नाई ते जिले बोलता येत नाई तिले दिसलं. चूक दोघायची हाय, अर्धी अर्धी वाटून घेऊ."

लॅपटॉप नीट कराले दुपार झाली. त्याआधी मी दोन पेनड्राइव्ह काढले. पह्यल्यात त्रेचाळीस टाकले, पट्टी शेवटापर्यंत जाऊ दिली, उघडून मोजले. दुसऱ्यात तेच त्रेचाळीस, तेही मोजले. काकू शेजारी खुर्ची ओढून पट्टीवर नजर ठेवून होती.

"दोन्हीत तेच?" काकानं विचारलं.

"तेच. एक हरवला, फुटला, त दुसऱ्यात सगळं राह्यलं पाह्यजे."

"म्हणजे दोन गोण्या. दोन्ही सारख्या."

या वेळी मी हातातलं काम ठेवलं, मान वळवून त्याईच्याकडं पाह्यलं. "हो काका. या दोन सारख्याच पाह्यजेत."

तूर त्याईनं माह्या टेबलावर ठेवली, नको म्हटलं तरी. मंग लॅपटॉप एका पिशवीत गेला अन् दुसरी रिकामी लटकू लागली. काकानं इकडंतिकडं पाह्यलं, दुकानासमोरची अर्धी वीट उचलली, हातात तोलली अन् पिशवीत टाकली. एक पेनड्राइव्ह त्याईच्या खिशात होता. दुसरा काकूनं ओढणीच्या टोकाले बांधला, दातात धरून गाठ ओढून पाह्यली, अन् मंगच गाडीवर बसली.